वाघशंखाचं पातळ घर

"परिस्थिती उत्तम आहे," कुर्ली म्हणाली.

सुरंगीने तिच्याकडे असं काही पाहिलं, की माणूस असती तर कुर्ली ओशाळून दोन पावलं मागे सरली असती. पण कुर्ली माणूस नव्हती. ती कोंडसर गावच्या टेकडीवरच्या राईत गेली दहा वर्षं फिरणारं तपासयंत्र होती. सहा पाय, तिरकी चाल, पाठीवर सूर्यपत्रा. गावातल्या पोरांनी तिला पाहिलं त्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं होतं, कारण मालवणीत खेकड्याला कुर्लीच म्हणतात.

"उत्तम? आणि हे काय आहे?" सुरंगीने पाचोळा बाजूला केला.

खाली सात अंडी होती. मोठ्या बोराएवढी, पांढरट गुलाबी. पण एकही धड नव्हतं. काही चेपली होती, काही पापुद्र्यासारखी फाटली होती, आणि मुंग्यांनी आपलं काम केव्हाच उरकलं होतं. शेजारीच एक रिकामा शंख पडला होता, नारळाच्या करवंटीएवढा. त्याच्या कडेला बोट लावलं तशी कड करकन मोडली.

"आर्द्रता, म्हणजे हवेतल्या वाफेचं प्रमाण, ब्याण्णव टक्के," कुर्ली शांतपणे सांगत राहिली. "मातीचा ओलावा भरपूर. एक चौरस मीटर जागेत गांडुळं एकशे चाळीस. उंदरांचा वावर नाही. परिस्थिती उत्तम आहे."

पोटाला भरपूर, पाण्याची ददात नाही, शत्रू नाही, आणि तरी घर फाटलेलं! हे कोडं सुरंगीला गेले दोन महिने छळत होतं.

हा शंख होता वाघशंखाचा. वाघशंख म्हणजे गोगलगायच, पण तुमच्या परसातली पानं कुरतडणारी गरीब गाय नव्हे. हा प्राणी मांसाहारी. पानाला तोंड लावणार नाही. दिवसा तो ओल्या पाचोळ्याखाली दडून बसतो आणि धुकं उतरलं, झड लागली की शिकारीला निघतो. त्याची शिकार म्हणजे गांडूळ. सुरंगीने ती कितीदा तरी पाहिली होती. वाघशंख जमीन चाखत चाखत पुढे सरकतो, गांडुळाच्या वाटेची चव लागली की तिचा माग धरतो. गांडूळ टप्प्यात आलं की त्याची दातेरी जीभ (हिच्यावर मागे वळलेले हजारो बारीक दात असतात) बाहेर येते, गांडुळाला पकडते, आणि आपण शिरवाळ्याची शेव नारळाच्या रसातून सुर्रकन ओढतो ना, तसं ते आख्खं गांडूळ आत जातं. आता गोगलगायीने शिकार करायची म्हणजे किती वेळ लागणार, ते तुम्हीच ठरवा. पण गांडूळ तरी कुठे शर्यतीत धावतं!

असे मोकळे फिरणारे वाघशंख साऱ्या जगात फक्त या एका राईत उरले होते. सुरंगी शाळेत जाऊ लागली तेव्हा साठ होते. आता चौदा.

ती रिकामा शंख उचलून टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या संशोधन-झोपडीकडे तरातरा निघाली. कुर्ली तिरकी तिरकी मागून आली.

झोपडीत डॉक्टर केळुसकर आजोबा काचेवर नाक टेकवून काहीतरी बघत होते. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत. गोगलगायींचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. राई राखीव व्हावी म्हणून दहा उंबरठे झिजवले ते त्यांनीच. माणूस मोठा हुशार आणि मायाळू. फक्त आपलं चुकतंय असं कोणी म्हटलं, की नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"आजोबा, आणखी एक गेला. अंडीही गेली."

आजोबांनी मान वर केली. ते थकलेले दिसत होते. "बस सुरंगी. तुला सांगायचंच होतं. मी सही केली आहे. पुढच्या मंगळवारी, म्हणजे अकरा दिवसांनी, शहरातल्या जीवसंवर्धन केंद्राची गाडी येईल. सगळे वाघशंख काचघरात नेणार."

सुरंगी उभीच राहिली. "सगळे?"

"सगळे. तिथे यंत्राने थंडावा ठेवतात, तयार गांडुळं देतात."

"पण तुम्हीच सांगितलं होतं ना, चार वर्षांपूर्वी इथून सहा नेले होते, त्यांनी तिथे एकही धड अंडं दिलं नाही म्हणून?"

"जिवंत तरी आहेत ते!" आजोबांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "इथे काय होतंय ते मला कळत नाही, बाळा. हवा ठीक, पाणी ठीक, अन्न ठीक. कारण सापडत नाही तोवर मी त्यांना डोळ्यांदेखत मरू देऊ?"

"आणि कारण सापडलं तर?"

आजोबा पुन्हा काचेकडे वळले.

"अकरा दिवसांत मी कारण शोधून काढलं, तर गाडी रिकामी जाईल का? तेवढं सांगा."

अकरा वर्षांच्या पोरीने साठ वर्षं गोगलगायींत घालवलेल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे अतीच झालं. पण आजोबांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हसणं गिळलं. "कारण आणि पुरावा," ते म्हणाले. "नुसतं कारण सांगणारे पुष्कळ असतात."

झालं. सुरंगीने कंबर कसली.

पहिले तीन दिवस तिने सगळी राई पालथी घातली. घुशींची बिळं पाहिली, झऱ्याचं पाणी तपासलं, बुरशी शोधली. रोज संध्याकाळी कुर्ली "परिस्थिती उत्तम आहे" असं म्हणायची आणि रोज सुरंगीला तिला झऱ्यात ढकलून द्यावंसं वाटायचं.

चौथ्या दिवशी तिने तो रिकामा शंख कुर्लीच्या दिव्यासमोर धरला. दिव्याचा उजेड शंखातून आरपार आला. पण सगळीकडून सारखा नाही! मधल्या वळशांमधून अगदी मिणमिणता, आणि बाहेरच्या वळशामधून लख्ख.

"आजोबा! शंख मध्ये जाड आहे आणि बाहेर पातळ!"

आजोबा भराभर आले. गोगलगायीचं घर बांधायची रीत मोठी मजेची असते. आपण घर बांधून मग राहायला जातो. ती जन्मतेच घर घेऊन, अगदी इवलंसं, आणि जसजशी वाढते तसतशी घराच्या दाराशी नवी भिंत जोडत जाते. म्हणजे मधला वळसा तिच्या बाळपणीचा, आणि बाहेरची कड अलीकडची. त्यातून वाघशंख उन्हाळ्यात चार महिने दार लावून झोपतो. तेव्हा बांधकाम बंद असतं, आणि त्या जागी एक गडद रेघ राहते. एक रेघ म्हणजे एक वर्ष. शंख म्हणजे त्याची रोजनिशीच म्हणा ना.

"तर मग आपण ती वाचूया," सुरंगी म्हणाली आणि कडेपासून आत रेघा मोजू लागली. एक, दोन, तीन... पातळ भिंत संपून जाड भिंत सुरू झाली ती अकराव्या रेघेशी.

"अकरा वर्षांपूर्वी काहीतरी घडलं," ती म्हणाली. "तोवर घर चांगलं जाड होतं. कुर्ली, अकरा वर्षांपूर्वी राईत काय झालं?"

"माझ्या नोंदी दहा वर्षांच्या आहेत," कुर्ली म्हणाली. "त्यापूर्वीचं मला कोणी सांगितलेलं नाही."

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अकरा वर्षांपूर्वी तर राई राखीव झाली. कुंपण आलं. लाकूडतोड थांबली, गुरं थांबली. सगळं चांगलंच झालं त्या वर्षी."

सगळं चांगलं झालं आणि त्याच वर्षापासून घरं पातळ झाली? सुरंगीच्या डोक्याचा पार भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी ती आत्येकडे गेली. तिची वैजूआत्ये खाडीच्या काठाला राहायची आणि ओहोटीला कंबरभर पाण्यात उतरून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायची. आत्ये तिसऱ्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. एकेक शिंपला फाकवायचा, आतलं मांस भांड्यात, टरफल मागे.

"काय गो, तोंड कित्याक पाडून बसलंस?" आत्येने विचारलं.

सुरंगीने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आत्येचे हात चालूच होते. सुरंगीने टरफलांची रास उचलली आणि दारातल्या कचरा-डब्याकडे निघाली. रोज सकाळी पंचायतीची गाडी येऊन तो न्यायची. टरफलांची पुढे कुठल्याशा कारखान्यात भुकटी व्हायची.

"ठेव ता खाली!" आत्ये गरजली. "शिंपले थंय जाणत नाय. शिंपले पाठल्या दारी, पागोळ्यांखाली."

"कित्याक?"

"कित्याक म्हंजे? देवचाराचो वाटो तो." राईचा राखणदार देवचार रात्री गस्त घालतो, असं कोंडसरात सगळे मानायचे. "तेच्या आंगणाक खडी नको? चिखलात पाय रुततले तेचे. आमची आजी, पणजी, सगळ्यो शिंपले राईत न्हेऊन घालीत. घरटी एक डाली भरान, दर वर्सा. मगे तुज्या डाक्टर आजोबान फाटकार बोर्ड लावल्यान. बाहेरचा काय आत न्हेवचा नाय म्हणान. होतो तो शिंपल्यांचो ढीगय टरकान भरून काढल्यान. घाण म्हणान!"

सुरंगी डोळे विस्फारून बघत राहिली. "आत्ये, ह्या कधी झाला?"

"आता कधी म्हणान सांगू? तू जल्मलंस ना, त्याच वर्सा."

अकरा वर्षं! सुरंगीने हातातलं टरफल असं घट्ट धरलं की तळव्याला वण उठला.

शिंपला कशाचा असतो? आणि शंख कशाचा? चुलीजवळ लिंबाची फोड होती. तिने ती शिंपल्यावर पिळली. रस पडला तिथे बारीक बारीक बुडबुडे आले, फस्स करून. मग खिशातला वाघशंखाच्या घराचा तुकडा काढला, त्याच्यावर रस पिळला. तसेच बुडबुडे! मग चपलेला चिकटलेली राईतली चिमूटभर लाल माती. तिच्यावर पिळला. काही नाही. माती नुसती ओली झाली.

शिंपला आणि शंख एकाच मालाचे होते, आणि तो माल राईच्या मातीत नव्हता.

इथे सुरंगीने घाई केली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं तिचं झालं. तिने समोरच्याच ओल्या टरफलांनी पिशवी भरली, तीनशे पायऱ्या धावत चढून राई गाठली आणि मोठ्या मादीसमोर मूठभर शिंपले पसरले. तशी वाघशंखांत नर-मादी वेगळी नसते, दोन्ही एकातच असतात. पण या एकीचा रुबाबच असा होता की सुरंगी तिला पाटलीण म्हणायची. पाटलीण सरकत आली. तिने शिंपल्याला मिशी लावली, आणि पुढच्याच क्षणी आक्रसून घरात शिरली. दारातून पांढरा फेस बाहेर आला.

"धोका," कुर्ली म्हणाली. "शिंपल्यांवर मीठ आहे."

मीठ गोगलगायीच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. तिच्यासाठी ते विषच. सुरंगीने रडत रडत शिंपले दूर फेकले, झऱ्याचं पाणी ओंजळीने आणून पाटलिणीवर ओतलं, पुन्हा ओतलं, पुन्हा ओतलं. पाऊण तासाने फेस थांबला. एक शिंग हळूच बाहेर आलं.

आणि मागे आजोबा उभे होते.

"बाहेरचं काही आत आणायचं नाही, हे तुला माहीत होतं." ते पाटलिणीजवळ वाकले. "पाटलिणीच्या पोटात अंडी आहेत, सुरंगी. मेली असती ती!"

"माझं चुकलं," सुरंगी म्हणाली. नाक पुसलं. मग म्हणाली, "पण आजोबा, तुमचंही चुकलंय."

आजोबांचे कान लाल झाले. सुरंगीने मात्र थांबायचं नाही असं ठरवलं होतं. तिने खिशातली लिंबाची फोड, शंखाचा तुकडा आणि चिमूटभर माती दगडावर मांडली आणि आजोबांसमोर पुन्हा रस पिळला. मग देवचाराच्या अंगणाचं सांगितलं. ट्रकभर शिंपल्यांचं सांगितलं.

आजोबा बुडबुड्यांकडे बघत खाली बसले.

"चुना," शेवटी ते पुटपुटले. "कॅल्शियम (चुन्यातलं, हाडांतलं, दातांतलं मुख्य द्रव्य). अरे देवा. हा जांभा दगड! त्याच्यावर हजारो वर्षं पाऊस कोसळतोय. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, म्हणून किंचित आंबट असतं. लिंबासारखंच, पण फार फार सौम्य. त्याने इथल्या मातीतला चुना केव्हाच धुऊन नेला. मग वाघशंख इतकी वर्षं जगले कशावर?"

"आमच्या कालवणावर," सुरंगी म्हणाली.

आजोबा हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "शंख चुन्याचा असतो हे मला काय माहीत नव्हतं? पण मी म्हटलं, हा मांसाहारी प्राणी, याला हवं ते सगळं गांडुळातून मिळत असेल. गांडुळं मोजली, भरपूर भरली, मी निर्धास्त! गांडुळाच्या पोटात काय आहे ते विचारलंच नाही."

"कुर्ली, तू का नाही सांगितलंस?"

"मला गांडुळं मोजायला सांगितलं होतं," कुर्ली म्हणाली. "मी मोजली."

तिचं काय चुकलं? यंत्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. न विचारलेला प्रश्न शोधायला माणूसच लागतो.

"पण मीठ?" आजोबा अचानक म्हणाले. "खारट शिंपले टाकून आजवर सगळे वाघशंख मरायला हवे होते."

त्याचं उत्तर कुठे मिळणार ते सुरंगीला आता कळलं होतं. तिने आजोबांचा हात धरला आणि त्यांना तीनशे पायऱ्या उतरवून थेट आत्येच्या पाठल्या दारी उभं केलं.

पागोळ्यांखाली, भिंतीला लागून, पुरुषभर उंचीचा ढीग होता. पांढराशुभ्र. अर्ध्यावर कारल्याचा वेल चढला होता.

"ताजे शिंपले राईत न्हेतत काय कोण?" आत्ये म्हणाली. "सबंध पावसाळो पागोळ्यांखाली ठेवूचे, मगे न्हेवचे. देवचाराक खारट चलत नाय."

"आणि एवढे कशाला साठवलेस, वैजयंती?" आजोबांनी विचारलं.

"मगे काय करू, डाक्टरांनू? तुमी आत घेवक दिलात नाय, आणि देवचाराचो वाटो मी कारखान्याक कसो दिव?" अकरा वर्षांचा राग होता तो. आत्येने तो एका दमात बाहेर काढला. "माका शाळा नाय, तुमका समजावूक जमला नाय. पण वाटो जपलंय मी."

आजोबांनी कधी नव्हे ते हात जोडले. "वैजयंती, मी तुला कधी विचारलंच नाही. चुकी माझी आहे."

आत्येने चहा ठेवला.

मागोमाग आलेल्या कुर्लीने ढिगातले शिंपले तपासले. मीठ नाही. मग ढिगाखालची माती उकरून एक गांडूळ काढलं आणि आपल्या दिव्याखाली धरलं. गांडुळाच्या गळ्याजवळ बारीक गाठी असतात. जास्तीचा चुना ते तिथे साठवून ठेवतं. या गांडुळाच्या गाठी पांढऱ्या कणांनी भरल्या होत्या. राईतल्या दहा गांडुळांच्या गाठी तपासल्या, त्या रिकाम्या.

आता सगळी साखळी लागली. खाडीतल्या तिसऱ्या समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन शिंपला बांधतात. माणसं मांस खातात, शिंपले राईत नेऊन टाकतात. आंबट पाऊस ते हळूहळू विरघळवतो. चुना मातीत उतरतो, पाचोळ्यात जातो, गांडुळात जातो, आणि गांडुळातून वाघशंखाच्या घरात आणि अंड्यात. यातली एक कडी आजोबांनी काढून टाकली होती, जंगलाच्या भल्यासाठीच.

"कारण सापडलं," आजोबा म्हणाले. "आता पुरावा. सहा दिवस उरलेत. सात वाघशंखांना शिंपले द्यायचे, सातांना नाही. मगच खरा फरक कळेल."

"नाही," सुरंगी म्हणाली. "ज्यांना मिळणार नाहीत त्यांची अंडी फुटणार हे आपल्याला माहीत आहे. मी नाही फुटू देणार."

"शास्त्रात तुलना लागते, बाळा."

"आहे ना तुलना! दहा वर्षांची आहे. कुर्लीने रोज लिहिलंय, ओलावा तोच, थंडावा तोच, गांडुळं तेवढीच, आणि अंडी फुटलेली. ती झाली शिंपल्यांशिवायची बाजू. आता बाकी सगळं तेच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. मग जो फरक पडेल तो त्या एका गोष्टीनेच, हो की नाही?"

आजोबांनी कुर्लीकडे पाहिलं. "आजची परिस्थिती?"

"उत्तम आहे," कुर्ली म्हणाली. या वेळी सुरंगीला तिला मिठीच मारावीशी वाटली.

पाच दिवस सुरंगी, आत्ये आणि आजोबा शिंपले वाहत होते. आत्ये वरवंट्याने ठेचून जाडसर तुकडे करायची, सुरंगी टोपली घेऊन चढायची. दर खेपेला तीनशे पायऱ्या. तिसऱ्या दिवशी तिचे पाय इतके सुजले की आईने दार लावून घेतलं. सुरंगी खिडकीतून निघून गेली. "पी हळद हो गोरी असं काही होणार नाही," आजोबा रोज बजावायचे. "गांडुळांत चुना भरायला वर्ष लागेल."

पण वाघशंखांना तेवढा दम नव्हता. धुक्याच्या एका सकाळी सुरंगी पाचोळ्याजवळ कान लावून बसली होती. कर्र. कर्र. कर्र. पाटलीण शिंपल्यावर चढली होती आणि आपल्या दातेरी जिभेने तो किसत होती. पलीकडे आणखी दोघं किसत होती. मांसाहारी वाघशंख, ज्याने पानाला कधी तोंड लावलं नाही, तो दगडासारखा शिंपला खात होता! त्याला काय हवंय ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी पाटलिणीने अंडी घातली. सात.

सुरंगीने पाचोळा सारला. दोन अंडी मऊ होती, कडेला चेपलेली. तिने तिसऱ्या अंड्यावर नखाने अलगद वाजवलं.

टक्.

चौथं. टक्. पाचवं, सहावं, सातवं. टक्, टक्, टक्.

आजोबांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. काच स्वच्छच होती.

मंगळवारी गाडी आली. केंद्राच्या प्रमुख फर्नांडिस बाई थंड पेट्या घेऊन उतरल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. चौदा जीव वाचवायला दोनशे किलोमीटर आल्या होत्या. आजोबांनी त्यांना अंडी दाखवली, कुर्लीच्या नोंदी दाखवल्या, आणि अकरा वर्षांपूर्वी ढीग कोणी उचलायला लावला तेही स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"पाच अंडी," फर्नांडिस बाई म्हणाल्या. "पाचावर मी सगळी जात पणाला लावायची?"

"तुमच्याकडे सहा आहेत ना?" सुरंगीने विचारलं. "त्यांना तुम्ही शिंपले देता?"

"त्यांना आम्ही उत्तम गांडुळं देतो. स्वच्छ, पेटीत वाढवलेली..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"त्या गांडुळांना चुना कुठून मिळतो?"

फर्नांडिस बाई थंड पेटीवर बसल्या. चार वर्षांच्या मऊ अंड्यांचं कोडं त्यांच्याही मनात होतंच. मग त्यांनी विचारलं, "एक पोतं शिंपले मिळतील का? धुतलेले?"

"मिळतले," आत्ये मागून म्हणाली. "पण देवचाराक विचारून न्हेवा."

ठरलं असं, की वाघशंख राईतच राहतील, पण वर्षावर्षाला अंडी मोजायची, शंखांची जाडी मोजायची, आणि घरटी एक डाली शिंपले दर पावसाळ्यानंतर राईत पोचलेच पाहिजेत. बाईंनी कागद लिहायला घेतला.

"अंडं फुटून पिल्लू बाहेर यायला चार महिने," त्या म्हणाल्या. "आणि त्या पिल्लाने स्वतः अंडी घालायला आठ वर्षं. तेव्हाच कळेल आपलं खरं ठरलं का. डॉक्टर, तुमचं वय झालं. आठ वर्षं या नोंदी कोण ठेवणार?"

आजोबा उत्तर देणार तोच सुरंगीने पेन हातात घेतलं.

"आठ वर्षांनी मी एकोणीस वर्षांची असेन," ती म्हणाली. "तोवर तर मला दोन डाल्या एकदम उचलता येतील."

आणि तिने आपलं नाव लिहिलं.